उपाशी वाफे

अकोला, १७ नोव्हेंबर २०२४

ती. नत्थुमामा,

पेरणीच्या धुळीसकट नमस्कार. केस दोनदा धुतले तरी कंगव्यातून अजून वलगावची माती निघतेच आहे. पोचल्याचा फोन केला, तर तुम्ही "पोचली का? बरं. बाकीचं पत्रात लिही" म्हणून ठेवून दिला! होस्टेलच्या मुली विचारतात, तुझे मामा फोनवर का बोलत नाहीत? मी सांगते, ज्याची उभी हयात दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात गेली, त्याला आता स्वतःच्या नावानं पत्र यावंसं वाटतं. खरं की नाही ते सांगा.

तर लेखी सूचना अशा. मोहोड सरांनी मला एम.एस्सी.साठी गव्हाचा प्रयोग दिलाय आणि तो "विद्यापीठाच्या लाडावलेल्या जमिनीत नको, शेतकऱ्याच्या शेतात घे" असं बजावलंय, म्हणून तुमची विहिरीजवळची पट्टी आम्ही बळकावली. गहू तीन. तुमचा लाडका उंच बन्सी, सगळ्यांचा लोकवन आणि विद्यापीठाचा नवा बुटका वाण, ज्याला तुम्ही "हे तं गवत होय" म्हणालात. प्रत्येक गव्हाला नत्राचे, म्हणजे साध्या भाषेत युरियाचे, चार डोस: काहीच नाही, थोडा, मध्यम आणि भरपूर. हे सगळं तीन तीन वेळा. असे छत्तीस वाफे आणि त्यातले नऊ वाफे शून्याचे. स्फुरद आणि पालाश मी विहिरीपासून बांधापर्यंत सगळ्या पट्टीला सारखंच दिलं आहे. फरक फक्त युरियाचा.

म्हणून हात जोडून सांगते, त्या पट्टीत पाण्याशिवाय कोणी काहीही टाकायचं नाही. शेण नाही, राख नाही, पुंजाजींच्या बैलांनाही तिथे थांबू द्यायचं नाही.

आणि मामीनं उरलेलं बी ओच्यात घेतलं होतं ते कुठे पेरलं? माझ्या वाफ्यात मिसळायला नको.

तुमची,
प्रणाली


वलगाव, २४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणालीस,

वलगाव शाखा डाकघराचे निवृत्त पोस्टमास्तर नत्थुजी काळमेघ यांजकडून आशीर्वाद.

विषय: गव्हाची उगवण. संदर्भ: तुझे पत्र. ते दोन दिवस पोस्टात उगीच पडून होते. मी खुर्चीवर असतो तर असे झाले नसते, असो.

कळविण्यास आनंद होतो की छत्तीसही वाफे उगवले. शून्य, साठ, एकशेवीस असले वाफ्यांच्या पाट्यांवरचे तुझे आकडे इकडे कोणाच्या तोंडात बसेनात, सबब मी वाफ्यांना नावे दिली आहेत. ज्यांना काहीच नाही ते उपाशी. त्याच्या पुढचे अर्धपोटी, मग पोटभर आणि शेवटचे ढेकर. गावात हीच नावे चालू झाली आहेत. काल गल्लीतली बेबीताई बांधावरून विचारत होती, "भाऊ, उपाशी कोणते जी?" मी बोट दाखवले तर म्हणाली, "अरे देवा, नऊ जण?"

दुसरी बाब अशी की शेजारच्या पुंजाजीशी माझी शर्यत लागली आहे. माझे म्हणणे असे की ढेकर वाफ्यातला बन्सी सगळ्यांना मागे टाकणार. जात उंच, खाणारा दणकट, त्याला भरपूर वाढले तर तो काय नाही करणार? पुंजाजी म्हणतो, "तुह्या बन्सीले जास्त खाऊ घातलं तं तो लोयते पाहाय." म्हणजे आडवा लोळणार म्हणे. जो हरेल त्याने अख्ख्या गल्लीला शेतात, गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांचे जेवण द्यायचे, वांग्याच्या भाजीसह. मी निश्चिंत आहे.

तुझ्या मामीने उरलेले बी विहिरीच्या कोपऱ्यात, तिन्ही जातींचे वेगवेगळे, घरच्यासाठी म्हणून पेरणीच्याच दिवशी टोचले आहे. पट्टीतच आहे, पण तुझ्या वाफ्यांपासून हातभर लांब. काळजी नसावी.

तुझा,
नत्थुमामा

ता. क. पत्राबद्दल तू जे होस्टेलच्या मुलींना सांगितलेस ते खरे आहे. पण सगळीकडे सांगत फिरू नये.


अकोला, १२ डिसेंबर २०२४

ती. मामा,

प्लॅस्टरमधल्या पायासह नमस्कार. नमस्कार वाकून करता येत नाही, म्हणून पडल्यापडल्याच घ्या.

युरियाचा दुसरा हप्ता देऊन मी तुमच्याकडून निघाले ती थेट अकोल्यात आले, मैत्रिणीची स्कूटी घेतली आणि गोरक्षण रोडवर रस्त्याच्या मधोमध सुस्त उभ्या असलेल्या एका म्हशीला वाट देता देता स्वतःच गटाराच्या कडेला जाऊन बसले. म्हशीला काही झालं नाही. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाय सहा आठवडे बांधलेला राहणार आहे. तेव्हा आता माझे डोळे तुम्ही. दर आठवड्याला वाफ्यांचा रंग आणि उंची कळवायची.

तुमची नावं मोहोड सरांना वाचून दाखवली. ते एरवी वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं एक हसू तुम्ही डिसेंबरातच संपवलंत. आता प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, "ढेकरचा नमुना आण गं."

पण एक गोष्ट गंभीरपणे. सगळ्यांत मोलाचे वाफे ढेकर नाहीत, उपाशी आहेत. जमिनीनं स्वतःच्या पदरचं किती दिलं आणि युरियानं किती दिलं, हे उपाशी वाफ्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळतच नाही. सर म्हणाले, "बाकी एखादा वाफा डुकरांनी खाल्ला तरी निभावून नेऊ. पण शून्य गेलं तर प्रबंध गेला. पुढच्या रब्बीत पहिल्यापासून पेरायचं." म्हणजे आणखी एक वर्ष हे होस्टेल आणि हे मेसचं वरण, ज्यात डाळ शोधायला दुर्बीण लागते. मामा, मला नाही जमणार हो. माझी सगळी भिस्त त्या नऊ उपाशांवर आहे.

लंगडी,
प्रणाली


वलगाव, २२ डिसेंबर २०२४

चि. प्रणालीस,

लंगड्या पायास वेगळा आशीर्वाद. म्हैस निर्दोष असल्याचे ऐकून बरे वाटले.

अहवाल: ढेकर वाफे काळेशार हिरवे. बन्सी तर असा तरारला आहे की पुंजाजी मुद्दाम दुसऱ्या बांधाने जातो. पोटभर उत्तम. अर्धपोटी बरे. उपाशी मात्र पिवळे पडले आहेत, आधी खालची पाने, आता वरचीही. आपल्या काळ्या मायच्या पोटी असे मरतुकडे पीक मी जन्मात पाहिले नव्हते. मला वाटत होते आपली जमीन युरियावाचूनही भागवून नेईल. पुंजाजी मला हसतो आहे.

गावाचा अभिप्राय तुझ्याविषयी फारसा चांगला नाही. काल बसस्टँडवर एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुमची भाची शिकलेली आहे ना? मंग पिकाले अशी काहून मारून राहिली?" मी त्यांना शास्त्र समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण थोडा युरिया टाकाले सांगा."

तुझी मामीही रोज जाऊन त्या वाफ्यांपाशी उभी राहते. काल मला विचारले, "आणखी किती दिवस उपाशी ठेवते ते पोरगी यांले?" मी म्हणालो, कापणीपर्यंत. ती पदर खोचून कामाला लागली. सध्या तिचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, येत्या गुरुवारी उद्यापन, सवाष्णी जेवायच्या आहेत, त्या गडबडीत आहे.

तुझा,
नत्थुमामा


वलगाव, १० जानेवारी २०२५

चि. प्रणालीस,

तातडीचे! आनंदाचे! खरे तर तारच करायची, पण सरकारने तारखाते बंद केले, त्याला मी काय करू?

उपाशी वाफे हिरवे झाले! नऊच्या नऊ! मी स्वतः चष्मा पुसून पाहिले, पुंजाजीला ओढत नेऊन दाखवले. मी म्हटले नव्हते का? ही काळी माय आहे. थोडा दम धरला, मग लेकरांना दिले तिने पोटातून काढून. तुझ्या विद्यापीठाला कळव की वलगावच्या जमिनीला युरियाची गरज नाही. मोहोड सरांनी हवे तर स्वतः येऊन पाहावे, चहा तयार राहील. मी या विषयावर वर्तमानपत्रात पत्र लिहायच्या विचारात आहे.

अत्यानंदित,
नत्थुमामा


अकोला, १५ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार राहू दे आज.

जमीन दीड महिना उपाशी ठेवून मग एकदम नऊ वाफ्यांना, आणि फक्त त्या नऊ वाफ्यांनाच, पोटातून काढून देत नाही. शेजारच्या अर्धपोटी वाफ्यांनी काय पाप केलं म्हणून त्यांना दिलं नाही? कोणीतरी युरिया टाकलाय. तुमच्याच कोठीतला युरिया.

मला तुमच्यावर संशय घ्यायचा नव्हता. पण काळ्या मायचा अभिमान तुम्हाला, पुंजाजी हसतो म्हणून राग तुम्हाला आणि आनंदही सगळ्यांत जास्त तुम्हालाच! मामा, तुम्ही टाकलात का? गंमत म्हणून टाकला असेल तर ती माझ्या एका वर्षाची गंमत झाली. तुमचं पत्र वाचून मी प्लॅस्टरवर डोकं टेकून रडले आणि प्लॅस्टर ओलं करू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय. सरांना अजून काही बोललेले नाही. काय बोलू?

प्रणाली


वलगाव, २१ जानेवारी २०२५
(पोस्टकार्ड)

कु. प्रणाली यांस,

आपला आरोप प्राप्त झाला. निम्नस्वाक्षरीकाराने अख्ख्या नोकरीत दुसऱ्याचे पाकीट उघडले नाही की कोणाच्या मनीऑर्डरीला हात लावला नाही. सबब दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याचा विचार रद्द केला आहे.

न. का.


वलगाव, २४ जानेवारी २०२५

बाई प्रणाली,

मी तुही मामी, जमुना. लिवायची मले सवय नाही, बोलल्यासारखंच लिवते. त्यायच्या डब्यातून हा कागद काढला, त्यायले मालूम नाही.

ते चार दिवसापासून रुसले हायेत. ताटावर बसतात, दोन घास खातात अन् उठतात. म्हनतात, "मी चोर हाओ, चोराले कायचं जेवन." आतापर्यंत वावरात नऊ उपाशी होते, आता घरात दहावा झाला. म्हनून लिवते. त्यायनं काही टाकलं नाही. म्या टाकलं.

शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं. सवाष्णी जेवल्या, गाईले घास देल्ला, कुत्र्याले देल्लं. मंग वावरात गेली तं तुह्ये नऊ जन तसेच, पिवळे, माना टाकून. अन् बाजूचे ढेकर देऊन राहिले! बाई, आपल्या घरी असं कधी झालं का? दारात आलेलं मानूस उपाशी गेलं नाही, अन् पंगतीत बसवून एकाच्या पानावर वाढाचं अन् दुसऱ्याच्या पानाकडं पाहाचंच नाही? तुह्या मामानंच नाव देल्लं उपाशी. नाव नसतं देल्लं तं मले एवढं लागलं नसतं.

मंग कोठीतून युरिया आनला अन् वरन वाढाच्या वाटीनं वाढला. ते माह्या नावाची वाटी नाही का, लग्नातली, ते. एका वाफ्याले एक वाटी, शीग लावून, नऊच्या नऊ जनाले. एकाले एक अन् दुसऱ्याले दोन असा पंक्तिप्रपंच माह्या हातून होत नाही. त्याच दिवशी पानी देल्लं.

म्या चूक केली असं मले वाटत नाही. पन तू रडली म्हनतात, ते मले आवडलं नाही. तुह्या वर्साचं काय ते सांग. पाय कसा हाय? डिंकाचे लाडू पाठवू का?

जमुनामामी


अकोला, १ फेब्रुवारी २०२५

माझ्या अन्नपूर्णा मामीस,

साष्टांग नमस्कार, प्लॅस्टर निघालंय!

मामी, तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग पत्र घेऊन लंगडत सरांच्या खोलीत गेले आणि सगळं वाचून दाखवलं. "कुत्र्याले देल्लं" इथपर्यंत सर कपाळाला हात लावून बसले होते. वाटीवर आलं तसा त्यांनी हात काढला.

"सगळ्यांना एकच वाटी? एकाच दिवशी?"

"हो सर. पंक्तिप्रपंच तिच्या हातून होत नाही."

सर उठले आणि खोलीत फेऱ्या मारू लागले. म्हणाले, "अगं, मग हा अपघात नाही, हा डोस आहे! कोणाला किती दिलं आणि कधी दिलं हे माहीत आहे, सगळ्यांना सारखं आहे, अजून काय पाहिजे? वाटी मागव." तेव्हा मामी, ती वाटी कोणाबरोबर तरी तातडीनं पाठव. वजन करायचं आहे. माझ्या हिशेबानं ती शून्य आणि अर्धपोटी यांच्या मधोमध येते.

पण एक आहेच. सर मग एकदम खाली बसले आणि म्हणाले, "वाटीचं मी समितीला पटवीन. पण शून्य कुठून आणू? पायाच नाही तर भिंत कशावर?" मामाचं बाकीचं शेत तर युरिया खाऊन बसलंय. पुंजाजींचंही. त्या पट्टीत, त्याच मातीत, त्याच दिवशी पेरलेला आणि आजवर उपाशी असलेला गहू कुठेच उरला नाही, मामी. तो नसेल तर पुढच्या नोव्हेंबरात मी पुन्हा पेरायला येते आहे.

मामांना वेगळं पत्र लिहिते आहे. त्यात फक्त माफी आहे, कागदाच्या दोन्ही बाजूंनी. त्यांना जेवायला लाव. लाडू पाठव.

तुझी,
प्रणाली


वलगाव, ७ फेब्रुवारी २०२५

बाई प्रणाली,

वाटी अन् लाडू बसच्या कंडक्टरजवळ देल्ले. वाटी वापस पाठवजो, लग्नातली हाय.

तुह्ये मामा जेवले. तुह्यं माफीचं पत्र त्यायनं तीनदा वाचलं, मंग पुंजाजीले वाचून दाखवलं, मंग मले. माह्यावर रागावले नाही. नुसते म्हनाले, "जमुना, तू मले पुसलं असतं तं." म्या म्हटलं, पुसलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं. ते म्हनाले, "ते बी खरं हाय."

तू पुसलं का उपाशी गहू कुठी हाय का. माह्या कोपऱ्यातला हाय ना. विहिरीजवळचा. तिन्ही जातीचा. त्याले म्या काहीच टाकलं नाही, तुह्या नऊ जनाले वाढलं तवा बी नाही. तो घरचा हाय. घरचं मानूस मांगून जेवते, साऱ्यायचं झाल्यावर. मांगून टाकू टाकू म्हनलं अन् राह्यलंच. लय पिवळा हाय, पाहाले लाज वाटते, पन उभा हाय.

त्याचं काही काम पडते का तुले?

जमुनामामी


अकोला, ८ फेब्रुवारी २०२५

मामीऽऽऽ!

काम पडते! काम पडते! काम पडते!

कंडक्टरनं पत्र हातात दिलं आणि मी एस.टी. स्टँडवरच किंचाळले. एक पोलीस बघायला आला, त्याला लाडू दिला. मी आणि सर पुढच्या रविवारी येतोय. त्या कोपऱ्यात कोणी पाय ठेवू नका. पुंजाजींच्या कोंबड्या बांधून ठेवा. आणि मामी, तुला हात जोडते, पाया पडते, तुझ्या वाटीची शपथ घालते, रविवारपर्यंत त्याला जेवू घालू नकोस!

प्रणाली


वलगाव, ४ मार्च २०२५

चि. प्रणालीस,

सविनय आणि जरा शरमून आशीर्वाद.

मोहोड सर येऊन गेल्यापासून गावात तुझ्या मामीचा भाव वधारला आहे. सर त्या कोपऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि "हे तुमचं नव्हे, हे आमचं शून्य" म्हणाले, ते बेबीताईने ऐकले व सगळीकडे पसरवले. मामीला त्याचा अर्थ नीट कळला नाही. "एवढ्या मरतुकड्या गव्हाले सायब नमस्कार काहून करून राहिला होता?" असे ती मला विचारत होती. सरांनी कोपऱ्याचे तीन तीन तुकडे पाडून खुंट्या ठोकल्या, त्या जशाच्या तशा आहेत. राखणीला मी स्वतः.

आता वाईट बातमी. परवा पाणी दिले आणि रात्री वारा सुटला. सकाळी गेलो तो ढेकर वाफ्यातला बन्सी सगळा आडवा. जसा एखादा माणूस लग्नात भरपेट जेवून मांडवातच लवंडतो, तसा. ओंब्या चिखलात. लोकवन थोडा कलला आहे. आणि तुझे ते बुटके गवत, ढेकर देऊनसुद्धा, शिपायासारखे ताठ उभे. मी म्हणालो होतो खाणारा दणकट आहे. खाणारा होता, पण पाय बारीक निघाले. उंच माणसाने जपूनच खावे हे मला आता पटले आहे.

पुंजाजीने वाफ्याला एक फेरी मारली. बन्सीची एक ओंबी चिखलातून उचलून पाहिली. मग म्हणाला, "मास्तर, वांगे मी देतो. रोडगे तुमचे." शर्यत हरलो. तारीख तू ठरव.

तुझा,
नत्थुमामा


अकोला, १२ एप्रिल २०२५

ती. मामा आणि मामी,

आज नमस्कार नाचत नाचत. पाय दुखतोय, तरी.

मळणी झाली, वजनं झाली, सगळं मांडून झालं. ऐका. मामीचा कोपरा सगळ्यांत खाली, अगदी शून्याला शोभेल असा. तुमची काळी माय स्वतःच्या पदरचं देते, मामा, पण थोडं. त्याच्या वर मामीची वाटी, मग अर्धपोटी, मग पोटभर. बुटका वाण वाढत वाढत पोटभरपर्यंत चढला आणि ढेकरला जवळजवळ तिथेच थांबला, म्हणजे शेवटचा युरिया नुसता वाया. आणि तुमचा बन्सी पोटभरला छान होता, ढेकरला लोळला आणि अर्धपोटीच्याही खाली गेला. प्रत्येक गव्हाची भूक वेगळी, एवढं सांगायला मला एकशेदहा पानं लागणार आहेत.

समितीतल्या एका सरांनी विचारलं, हा विचित्र डोस कुठून आला? मोहोड सर म्हणाले, "स्थानिक पद्धतीनं दिलेला." प्रबंधात मात्र मी टीप दिलीय, मामी. तुझं नाव आहे त्यात. जूनमध्ये सादर करते आहे. वर्ष वाचलं!

वाटी सोबत पाठवते आहे. सरांनी ती स्वतः घासली.

आता रोडग्यांचं. वीस तारखेचा रविवार धरा. वजन झालेला सगळा गहू तुमच्याकडे पोचता करते आहे, त्याचेच रोडगे करा. मला येता येणार नाही, टंकलेखनाचा ढीग पडलाय. पण एक अट आहे आणि ती मामांसाठी. पहिल्या पंगतीत मामी बसणार. मध्ये उठणार नाही, कोणाला काही आणून देणार नाही. वाढायचं तुम्ही आणि पुंजाजींनी. घरचं माणूस मागून जेवतं, त्यामुळे माझं वर्ष वाचलं हे खरं. पण मामा, तो कोपरा कसा दिसत होता ते तुम्ही पाहिलंय. मी तर त्याचं वजन केलंय. आता पुरे.

तुमची,
प्रणाली


वलगाव, २२ एप्रिल २०२५

बाई प्रणाली,

वाटी भेटली. एवढी लख्ख म्या बी कधी घासली नव्हती.

रविवारी रोडगे झाले. सारी गल्ली आली, बेबीताई तं सकाळपासून. गोवऱ्या पुंजाजीनं रचल्या, कनिक तुह्या मामानं भिजवली, म्या नुसती पाहत बसली. हात कुठी ठेवाव ते समजेना. दोनदा उठली, दोन्ही डाव त्यायनं बसवलं. "प्रणालीचा लेखी हुकूम हाय" म्हनाले अन् तुह्यं पत्र खिशातून काढून साऱ्याले दाखवलं.

मंग मले पयल्या पंगतीत बसवलं, अगदी पयल्या पानावर. तुह्ये मामा तुपाचं भांडं घेऊन आले. बाकीच्याले एक एक पळी, मले तीन. म्या म्हटलं, अवो, असा पंक्तिप्रपंच बरा नाही, साऱ्याले सारखं वाढा. तं ते साऱ्या गल्लीसमोर म्हनतात कसे, "मी काही प्रयोग नाही करून राहिलो." बेबीताई एवढी हासली का तिले ठसका लागला. मले मान वर कराले जागा राह्यली नाही.

अन् बाई, एक सांगते म्हटलं तुले, दुसऱ्या कोनाले सांगू नको. या घरात येऊन तीस वर्सं झाली, किती डाव रोडगे केले असतीन, हजारो वाढले असतीन. पन माह्या पानावर येईपर्यंत तो थंडाच होऊन जाये. म्या समजे का रोडगा असाच असते, कडक. परवा फोडला तं आतून वाफ निघाली, तूप आत मुरलं, बोटाले चटका बसला.

रोडगा गरम असला तं लय नरम लागते, बाई. मले मालूमच नव्हतं.

तुही,
जमुनामामी